चाळीस फुटांचा प्रवास: न निघालेल्या गाडीवरच्या एका रोड मूव्हीचं प्रकरण

या चित्रपटाचा मी कार्यकारी निर्माता होतो. पैशांचं वेळापत्रक, माणसांचं वेळापत्रक आणि या दोन्हींचा मेळ बसला नाही की होणारी भांडणं, एवढं सगळं माझ्याकडे होतं. दिग्दर्शिकेच्या आणि मुख्य कलाकारांच्या संमतीने हे लिहितोय. नावं, ठिकाणं आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. निर्णय मात्र जसे घेतले तसेच मांडले आहेत, चुकले तेही.

पार्श्वभूमी

मूळ पटकथा बाप-लेकीच्या चार दिवसांच्या प्रवासाची होती. वडिलांनी उभं आयुष्य ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. आता काचबिंदूमुळे त्यांना कडेचं दिसत नाही, समोरचं तेवढं दिसतं. मुलगी चाळिशीची. गावभर लोकांना गाडी शिकवणाऱ्या माणसाने स्वतःच्या मुलीला कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नाही, हे दोघांमधलं जुनं दुखणं. वडिलांच्या जुन्या गाडीतून, एक तरुण भाड्याचा ड्रायव्हर घेऊन, दोघं वडिलांच्या मित्राला भेटायला निघतात.

रोड मूव्हीत जे जे असतं ते सगळं या पटकथेत होतं. घराची चौकट ओलांडताच माणसं मोकळी होतात. वाटेत भेटणारा प्रत्येक अनोळखी माणूस काहीतरी शिकवून जातो. मधे एक गाणं, खिडकीबाहेर धावणारी झाडं, काचेवर टेकलेलं डोकं. शेवटी समुद्र आणि समेट. पटकथा वाईट नव्हती. वाचताना डोळे भरून यायचे. पण आपण हे कधीतरी पाहिलंय, असंही वाटायचं. ते तेव्हा कोणी बोललं नाही, मीही नाही.

हातात १८ दिवसांच्या चित्रीकरणाचे पैसे होते, युनिट २२ जणांचं. पटकथा ९६ पानांची आणि त्यातली ५८ पानं चालत्या गाडीत. म्हणजे रोज सव्वापाच पानांच्या वर काम उरकायला हवं होतं. हा आकडा माझ्यासमोर कागदावर होता आणि मी त्यावर सही केली होती.

अडचण

पहिले दोन दिवस आम्ही रस्त्यावर काढले. गाडीच्या बॉनेटवर आणि दारावर कॅमेऱ्याचे रिग, म्हणजे कॅमेरा घट्ट धरून ठेवणारे सांगाडे, पुढे एक गाडी, मागे एक गाडी. चार मिनिटांचा संवाद चालत्या गाडीत घ्यायचा तर चार मिनिटांचा रस्ता लागतो, आणि दुसऱ्या टेकसाठी तोच रस्ता उलटा पार करून यावं लागतं. वळायला जागा मिळेपर्यंत पुढे जायचं, वळायचं, पुन्हा पहिल्या खुणेवर यायचं, रिग तपासायचा, रहदारी पहिल्यासारखी होईपर्यंत थांबायचं. एका टेकला २५ मिनिटं जात होती. परतीच्या वाटेवर चित्रीकरण करावं तर ऊन डाव्या गालावरून उजव्या गालावर आलेलं असायचं. म्हणजे परतीचा प्रत्येक फेरा रिकामा.

आवाजाचं तर त्याहून अवघड झालं. काचा बंद, एसी बंद, तरी इंजिनाचा सूर गिअरनुसार बदलतो. एका टेकमधलं वाक्य दुसऱ्या टेकमधल्या वाक्याला जोडलं की मधे गाडीने उडी मारल्यासारखं ऐकू यायचं. पहिल्या दिवशी दोन पानं झाली, दुसऱ्या दिवशी सव्वादोन. दुसऱ्या दिवशी दुपारी वडिलांची भूमिका करणाऱ्या ज्येष्ठ नटांना त्या तापलेल्या गाडीत गरगरायला लागलं आणि आम्ही काम थांबवलं.

त्या रात्री सगळे मिळून दोन दिवसांचं काम बघत बसलो. संवादांच्या टेकमध्ये जीव नव्हता. पण दोन टेकच्या मधे, गाडी रस्त्याच्या कडेला उभी असताना, कॅमेरा चुकून चालू राहिला होता. फ्रेममध्ये वडील डावीकडच्या सीटवर बसलेले, कोणाशी बोलत नाहीत. बाहेरून मोठी गाडी जोरात गेली की त्यांचा उजवा पाय खालच्या मॅटवर दाबला जातो, जिथे काहीच नाही तिथे. या नटांनी भूमिकेच्या तयारीसाठी आठवडाभर एका ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत बसून काढला होता. शिकवणाऱ्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो, आणि तो दाबायची सवय त्यांनी तिथून उचलली होती. पटकथेत ती कुठेच नव्हती.

दिग्दर्शिकेने तो तुकडा पाच-सहा वेळा लावायला सांगितला. मग म्हणाली, "गाडी उभी आहे तेव्हाच हा माणूस दिसतो. चालू झाली की आपण रस्ता बघायला लागतो."

समोरचे पर्याय

तिसऱ्या दिवशी काम बंद ठेवून आम्ही पाच जण बसलो.

पहिला पर्याय उभी गाडी चालती भासवण्याचा. गाडीखाली फळी सरकवून दोघांनी हलवायची, दिवे एका बाजूने दुसरीकडे न्यायचे, मागे पडद्यावर रस्ता. रात्रीच्या दोन-तीन प्रसंगांना हे छान जमतं. आमचे बहुतेक प्रसंग भर उन्हातले होते, आणि दिवसाउजेडी हे पटण्यासारखं करायला लागणारा पडदा आमच्या आवाक्याबाहेरचा होता.

दुसऱ्या पर्यायाची बाजू मी लावून धरली होती. इराणी दिग्दर्शक अब्बास किआरोस्तामी यांचा २००२ सालचा 'टेन' दोन लहान डिजिटल कॅमेरे गाडीच्या डॅशबोर्डवर लावून केलेला आहे. दहा संभाषणं, सगळी गाडीत. मी म्हटलं, आपणही युनिट खाली उतरवू, कॅमेरे लावू आणि माणसांना बोलू देऊ. छायाचित्रकार शांतपणे म्हणाला, "दादा, गाडी कोण चालवणार?" ड्रायव्हर झालेल्या तरुण नटाला खऱ्या रहदारीत ५८ पानं अभिनय करत गाडी चालवावी लागली असती. ती जबाबदारी घ्यायची हिंमत कोणाची नव्हती, माझीही नव्हती. शिवाय आमची पटकथा ठिकाणांवर उभी होती, संभाषणांवर नाही. दुसऱ्याची रीत उचलली तर सोबत तिच्यामागचा विचारही यायला हवा, आणि तो आमच्याकडे नव्हता.

तिसरा पर्याय थांबून आणखी पैसे उभे करण्याचा. हा फार वेळ चर्चेत राहिला नाही. ज्येष्ठ नटांच्या तारखा पुन्हा मिळतील याची खात्री नव्हती.

चौथा दिग्दर्शिकेचा: गाडी निघतच नाही. प्रवासाच्या पहिल्याच दिवशी बंद पडते, एका गॅरेजच्या आवारात येऊन उभी राहते, आणि चित्रपट तिथेच राहतो.

या वाटेने आधी कोणी गेलं नव्हतं असं नाही. अमेरिकी दिग्दर्शिका केली रायकार्ट यांच्या १९९४ सालच्या 'रिव्हर ऑफ ग्रास'मध्ये पळून निघालेल्या जोडप्याकडे टोल भरायला सुटे पैसे नसतात आणि त्यांचं पलायन तिथेच अडकतं. त्यांच्याच २००८ सालच्या 'वेंडी अँड ल्यूसी'मध्ये अलास्काला निघालेल्या मुलीची गाडी वाटेत बंद पडते आणि उरलेला चित्रपट त्या थांब्यावर घडतो. या उदाहरणांनी धीर आला आणि धास्तीही वाटली. दोन्हीकडे निघण्याची गरज आधी ठसलेली आहे, म्हणून अडकणं बोचतं. नुसती गाडी बंद पाडून ते होत नाही.

माझा आक्षेप सरळ होता. पैसे संपले म्हणून गाडी उभी केली, हे प्रेक्षकाला पडद्यावर दिसतं. यावर संकलकाने अमेरिकी दिग्दर्शक जिम जार्मुश यांच्या १९८४ सालच्या 'स्ट्रेंजर दॅन पॅरडाइज'ची आठवण काढली. त्याचा पहिला भाग दुसऱ्या चित्रपटाच्या उरलेल्या कच्च्या फिल्मवर चित्रित झाला होता. प्रत्येक प्रसंग एकाच शॉटमध्ये आणि दोन प्रसंगांच्या मधे काळा पडदा. काटकसर तिथेही होती, पण पहिल्या प्रसंगापासून शेवटपर्यंत तिचा नियम झाला होता. संकलकाचं म्हणणं मला आजही पटतं: अडचण एकदा दिसली तर ती अडचण वाटते, सतत दिसली तर ती मांडणी होते.

तासाभराने मी माझा आक्षेप मागे घेतला.

नवी पटकथा

तीन आठवडे काम थांबलं. दिग्दर्शिकेने सगळ्यात आधी नियम लिहिले. गॅरेजच्या आवारातून रस्ता दिसणार नाही, फक्त ऐकू येईल. कॅमेरा गाडीच्या पुढे जाणार नाही. वाटेत भेटणारे अनोळखी लोक इथे येऊन-जाऊन असतील. ते येतात, त्यांच्या गाड्या दुरुस्त होतात, ते निघून जातात. आणि कोणीही या दोघांना काही शिकवणार नाही.

मला वाटतं, शेवटच्या नियमाने चित्रपट वाचला. मूळ पटकथेत वाटेतली माणसं लेकीला शहाणपण देत होती. आता तेच लोक आपल्या गाडीचा आवाज का येतोय एवढंच बोलतात. बाप-लेकीला एकमेकांशिवाय बोलायला कोणी उरलं नाही.

गाडीचा गिअरबॉक्स उतरवलेला, जुन्या मॉडेलचा एक भाग यायचा बाकी. तेवढ्या दिवसांत वडील मुलीला उभ्या गाडीत गाडी शिकवतात. इंजिन बंद, गिअरबॉक्स बाकावर, आणि ती क्लच, ब्रेक, आरसे यांचा सराव करते. एक प्रसंग तेव्हा कागदावर मला अगदी किरकोळ वाटला होता. मेकॅनिक सुटे दातेरी गिअर डिझेलच्या ट्रेमध्ये ब्रशने धुतो आणि काढलेला प्रत्येक बोल्ट एका पुठ्ठ्याला भोकं पाडून त्याच क्रमाने खोचून ठेवतो. वडिलांना तो पुठ्ठा नीट दिसत नाही. ते बोटांनी एकेक बोल्ट चाचपतात आणि एका रिकाम्या भोकाशी थांबतात. "इथला कुठे गेला?" मेकॅनिक खिशातून बोल्ट काढून देतो. त्या क्षणी मुलगी वडिलांकडे पहिल्यांदा नीट बघते. सगळा प्रसंग पाऊण पानाचा.

या बदलात एक पात्र जवळजवळ नाहीसं झालं. भाड्याचा ड्रायव्हर आता पहिल्या काही मिनिटांत पैसे घेऊन दुसऱ्या गाडीने निघून जातो. ते काम करणारा नट दोन महिने तयारी करत होता. त्याच्याबद्दल पुढे लिहितो.

चित्रीकरण

उरलेल्या १६ पैकी १५ दिवस आवारात गेले. ७८ पानांची नवी पटकथा आम्ही कथेच्या क्रमाने चित्रित केली, जे रस्त्यावर कधीच परवडलं नसतं. त्याचा सगळ्यात मोठा फायदा कलाकारांना झाला. मुलीचं काम करणाऱ्या नटीला खरंच गाडी येत नव्हती. तिचे हात सातव्या दिवशी जसे दिसतात तसे पहिल्या दिवशी दिसत नाहीत, आणि ते अभिनयाने आणता आलं नसतं.

सगळ्यांना वाटतं की रस्त्याचा आवाज हवा तर गॅरेज रस्त्यालगतचं घ्यावं. आमच्या साउंड रेकॉर्डिस्टने नेमकं उलटं सांगितलं: गॅरेज शांत जागी हवं, रस्ता मी नंतर आणते. खऱ्या रहदारीत संवाद वाया गेले असते. ती तीन रात्री एका चढाच्या रस्त्याकडेला बसली आणि एकेक वाहन सुटं ध्वनिमुद्रित केलं: लांबून येणं, जवळून जाणं, विरणं. चढावर जड गाड्या गिअर उतरवतात. तोच आवाज भिंतीपलीकडे ठेवल्यामुळे तिथे चढ आहे हे न दाखवता कळतं. वडील नुसतं ऐकून म्हणतात, "तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आला. माल भरलाय." चित्रपटात रस्ता बांधला तो या बाईंनी.

राहिलेला सोळावा दिवस गुंतवणूकदारासाठी गेला. एकूण पैशांपैकी तिसरा हिस्सा त्यांचा होता आणि त्यांनी तो रोड मूव्ही म्हणून दिला होता. त्यांचं म्हणणं असं, "एक दिवस मोकळ्या रस्त्याचे शॉट घेऊन ठेवा, लागले तर असू देत." मी होकार दिला. दिग्दर्शिका नको म्हणत होती. मला वाटलं, एका दिवसात त्यांचं समाधान होईल आणि पुढे कटकट राहणार नाही. आम्ही सुंदर शॉट घेतले: पहाट, वळणं, ड्रोन. चित्रपटात त्यातला एकही नाही.

रफ कट आणि चुकीचा प्रश्न

पहिला रफ कट, म्हणजे संकलनाचा कच्चा खर्डा, १०४ मिनिटांचा झाला. ओळखीच्या नसलेल्या १४ जणांना तो दाखवला आणि नंतर एकच गोष्ट विचारली: ही गाडी निघणार नाही, असं तुम्हाला कधी वाटलं? ११ जणांनी सांगितलं की शेवटपर्यंत वाटलं नाही. गिअरबॉक्सचा तो सुटा भाग कधी येतोय याचीच ते वाट बघत होते. एकजण म्हणाला, "बाप-लेकीचं चांगलं चाललं होतं, पण माझं लक्ष त्या भागाच्या फोनकडे होतं."

दोष त्यांचा नव्हता. रफ कटमध्ये पहिली ३१ मिनिटं घरातली होती: तयारी, सामान, निघण्याची घाई. त्यानंतर गाडी बंद पडत होती. शिवाय तो भाग कुठवर आला हे विचारणारे तीन फोन होते, प्रत्येक फोनवर थोडी आशा. न निघणाऱ्या गाडीचा चित्रपट करायला बसलेल्या आम्हीच प्रेक्षकाला अर्धा तास निघण्याचं तिकीट दिलं होतं आणि मग तीनदा गाडी फलाटाला लागतेय असं सांगितलं होतं. संकेत मोडायचा असेल तर तो मोडलाय हे प्रेक्षकाला लवकर कळायला हवं, म्हणजे तो वाट बघणं सोडून बघायला लागतो. हे लिहिताना साधं वाटतंय. आम्हाला तिथवर पोचायला चार महिने लागले.

फोन एकच ठेवला. घराचा भाग ९ मिनिटांवर आणला. आणि चार जणांच्या लहान युनिटने अर्धा दिवस पुन्हा चित्रीकरण करून एक नवा पहिला शॉट घेतला: बंद गाडी मागची बाजू उचलून टो होतेय. गाडीचं तोंड मागे, त्यामुळे समोरच्या काचेतून रस्ता लांब-लांब जाताना दिसतो. टो होणाऱ्या गाडीत माणूस बसवायचा नाही हे ठरलेलं होतं, म्हणून मागच्या सीटवर कॅमेरा घट्ट बांधून सोडून दिला. पुढच्या दोन सीट रिकाम्या, स्टिअरिंग आपोआप थोडं हलतंय, आणि रस्ता उलटा वाहतोय. २ मिनिटं ४० सेकंद. अख्ख्या चित्रपटात रस्ता एवढाच दिसतो. त्यानंतर घर येतं, आणि निघण्याची घाई बघताना प्रेक्षकाला तिचा शेवट आधीच माहीत असतो.

शेवट

शेवट तीन लिहिले होते. एकात गाडी दुरुस्त होऊन मुलगी ती फाटकाबाहेर काढते. निर्माते आणि मी त्या बाजूचे. दुसऱ्यात गाडी विकली जाते. तिसऱ्यात भाग येतो, गिअरबॉक्स चढतो, मुलगी आवाराच्या एका टोकापासून फाटकापर्यंत गाडी आणते, आणि तिथे क्लच लवकर सुटल्याने गाडी बंद पडते. ते अंतर आम्ही टेपने मोजलं होतं: ४० फूट.

मी दिग्दर्शिकेला म्हटलं की फाटकाबाहेर जाण्याचा शॉटही घेऊन ठेवू, निर्णय संकलनात घेऊ. तिने नकार दिला. "घेतला तर तो वापरला जाईल. तुम्हीच वापराल." त्यावेळी मला राग आला होता. नंतर ट्रेलरचं जे झालं ते बघता तिचं बरोबर होतं.

या शॉटचे ९ टेक झाले. नवव्यात कॅमेरा पायांवर होता. मुलीचा डावा पाय क्लचवरून अलगद वर येतोय, आणि शेजारी वडिलांचा उजवा पाय मॅटवर आहे, पण दाबत नाही. हे कोणी सांगितलं नव्हतं. नटांनी स्वतः पाय मोकळा ठेवला.

ट्रेलर आणि निष्पत्ती

पूर्ण झालेला चित्रपट ८२ मिनिटांचा. काही लहान महोत्सवांत गेला, मग मर्यादित प्रदर्शन झालं. ट्रेलर बाहेरच्या माणसांनी केला आणि त्यांच्या हाती गुंतवणूकदाराच्या दिवसाचे शॉट होते. ट्रेलरची सुरुवात ड्रोनने, मधे पहाट, शेवटी वळण. तो बघून आलेल्या प्रेक्षकांना रस्ता हवा होता. एका खेळाला मी मागे उभा होतो. विसाव्या मिनिटाच्या आसपास लोक उठायला लागले. जाणाऱ्या एका गृहस्थांनी दाराशी मला विचारलं, "ती डोंगरातली वळणं कधी येतात?" मी काय उत्तर देणार होतो?

आठवड्याने ट्रेलर बदलला. नवा ट्रेलर म्हणजे टो होणारा शॉट आणि भिंतीपलीकडचे आवाज, बस. बघणारे कमी आले, पण शेवटपर्यंत बसले. लावलेले पैसे पूर्ण वसूल झाले नाहीत. ठरलेल्या रकमेबाहेर मात्र फक्त टो-शॉटचा तो अर्धा दिवस गेला.

चित्रपटाचा मधला भाग, गॅरेजमधल्या रात्रीनंतरचा, अजूनही रेंगाळतो. तिथे बाप-लेक तेच भांडण दुसऱ्यांदा भांडतात. मला ती सात-आठ मिनिटं कमी हवी होती आणि अजून हवी आहेत.

आज करायचं झालं तर

रस्त्यावरची दोन दिवसांची चाचणी पटकथेच्या पहिल्या खर्ड्यानंतरच घेईन, पूर्ण युनिटसह नाही, एक कॅमेरा, एक माइक आणि दोन माणसं घेऊन. ५८ पानं चालत्या गाडीत शक्य नाहीत हे एका सकाळीत कळलं असतं.

गुंतवणूकदाराला एक दिवस देण्याऐवजी नवी पटकथा घेऊन त्यांच्यासमोर बसेन. पैसे काढून घेतील या भीतीने मी ती बैठक टाळली होती. नंतर कळलं की त्यांनी नवी पटकथा कधी वाचलीच नव्हती, कारण कोणी पाठवली नव्हती. म्हणजे मी पाठवली नव्हती.

आणि तो तरुण नट. भूमिका तीन प्रसंगांवर आल्याचं त्याला माझ्या मेसेजमधून कळलं. सकाळी सव्वासात वाजता, चार ओळी. घाई होती, युनिट थांबलेलं होतं, पण फोन करायला पाच मिनिटं लागली असती आणि जाऊन भेटायला एक संध्याकाळ. तो सेटवर आला, त्याने तिन्ही प्रसंग मन लावून केले. जाताना गाडीच्या टपावरून हात फिरवून वळण्याची त्याची कृती त्यानेच सुचवलेली आहे आणि ती चित्रपटात आहे. मानधन आधी ठरलेलं पूर्ण दिलं. पुढच्या चित्रपटाची पटकथा सर्वांत आधी त्यालाच पाठवली, या वेळी स्वतः जाऊन. त्याने ती वाचली, चांगली आहे म्हणाला, आणि काम करायला नम्रपणे नकार दिला.